कोरड्या डब्यांचं गौडबंगाल

१

डब्याचं झाकण निघालं मात्र, ताईंनी रुमाल नाकाला लावला.

"शी! हा काय वास म्हणायचा?"

वास माशाचा होता, आणि तोही ताज्या माशाचा नव्हे. रंगाच्या जुन्या डब्यात मासळी ठेवून कुणीतरी गावाला निघून जावं, तसा. वर डब्यावर चित्र कुणाचं, तर हसऱ्या बाळाचं! ताईंनी दुसरा डबा उघडला. तोच वास. मग तिसरा, चौथा. गोदामातून येईल तो डबा खवट.

समोर चहा पीत बसलेल्या मावशीने कप खाली ठेवला. मावशी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. तिची सगळी नोकरी सरकारी अन्न-प्रयोगशाळेत झाली होती. तिथे लोकांचं तूप, तेल, मसाले हुंगून हुंगून तिने भल्याभल्या भेसळवाल्यांना घाम फोडला होता. मावशी निवृत्त झाली, पण नाक काही निवृत्त झालं नाही. चार दिवस बहिणीकडे आराम करावा म्हणून आली होती बिचारी. आराम कसला! काहींच्या नशिबी तो नसतोच.

"दुपारी मुलांच्या इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाई यायच्या आहेत," ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "त्यांनी हो म्हटलं, तर ही भुकटी तिथल्या अशक्त मुलांच्या दुधात जाणार. आता त्यांच्या पुढ्यात काय ठेवू? हे?"

दारात सूनबाई उभी होती. ताईंची थोरली सून. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि ही इथे सासूच्या कारखान्यात. कारखाना मूळचा कस्टर्ड पावडरचा. या पोरीने हट्टाने त्यात प्रयोगशाळा उभी केली आणि माशाच्या तेलाची ही बिनवासाची भुकटी करून दाखवली. बिनवासाची म्हणे! आता तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, माझं जरा ऐकून तरी घ्या."

"पुष्कळ ऐकलं. त्या बाई यायच्या आत मला कारण सांग. नाहीतर त्यांना दारातूनच परत पाठवते आणि उद्यापासून तुझा विभाग बंद. आपलं कस्टर्ड काही वाईट चाललेलं नाही."

सूनबाई तडक निघून गेली. ताई बहिणीवर उखडल्या. "बघत काय बसलीयस? जन्मभर नाकाचं कौतुक सांगितलंस ना? लाव की आता कामाला!"

मावशीने एक खवट डबा पुढे ओढला. आत बोट फिरवलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. भुकटी बिघडली होती हे खरं. पण बिघडलेली भुकटी हाताला जशी लागते, तशी ही मुळीच लागत नव्हती.

२

सूनबाई प्रयोगशाळेत सापडली. टेबल आवरत होती. कपाटातली तिची स्वतःची पुस्तकं पिशवीत जायला लागली होती.

"एवढी घाई?" मावशीने खवट डबा टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढलं. "जायचंच असेल तर माझी शिकवणी घेऊन जा. ही भुकटी होते कशी, ते पहिल्यापासून सांग."

सूनबाईने आणखी एक पुस्तक पिशवीत टाकलं. पण आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणूस किती वेळ गप्प राहणार?

"माशाचं तेल मुलांच्या मेंदूला चांगलं. पण त्याचं हवेशी वैर. हवेतला ऑक्सिजन लागला की ते खवट झालंच म्हणून समजा. म्हणून मी त्याचे अगदी बारीक थेंब करते आणि प्रत्येक थेंबाला स्टार्च आणि दुधातल्या प्रथिनांचं कवच घालते. ते गरम हवेच्या मनोऱ्यात फवारलं की पाणी उडतं, कवच वाळतं आणि तेल आत कोंडलं जातं."

"आणि डब्यात ही चपटी पुडी कशाला?"

"कवचातूनही थोडी हवा झिरपतेच हो. म्हणून डब्यात ऑक्सिजन शिल्लकच ठेवायचा नाही. पुडीत लोखंडाचा चुरा असतो. तो गंजतो, आणि गंजता गंजता डब्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो."

"छान. हे इथे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"पुडी टाकायची, हे सगळ्यांना." सूनबाई घुटमळली. "कशासाठी टाकायची, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मावशी, एवढी वर्षं घासलीत मी यात. सांगत सुटले तर उद्या दुसराच कुणी ही भुकटी बाजारात आणेल."

मावशीने टेबलावर कागद पसरला. तिने खवट डब्यातली भुकटी कागदावर ओतली. वाळूसारखी सरसर पसरली, एक गोळा म्हणून नाही. मग तिने त्या डब्यातली पुडी चिमटीत धरून दाबली. पुडी मऊ होती, आतला चुरा बोटांखाली सहज सरकत होता. मावशीने ती हळूच आपल्या पिशवीच्या कप्प्यात टाकली.

"ओल लागली असती तर गोळे झाले असते," सूनबाई म्हणाली. "ओल नाही, म्हणजे कवच ओलीने मऊ पडलेलं नाही. मग ते मुळातच कच्चं होतं. आणि कवच माझं आहे, मावशी. दुसऱ्या कुणाचं नाही."

"फाशी घ्यायची एवढी हौस कशाला? आधी खटला तर चालू दे. इथे वेगळं असं काही घडलं का हल्ली?"

सूनबाईने दाराकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात बोलली. "फवारेकाकांनी मनोऱ्यावर काहीतरी बदललंय. मी विचारलं तर 'कुठे काय, मॅडम?' म्हणाले आणि पाठ फिरताच त्यावर फडकं गुंडाळलं."

३

फवारेकाका म्हणजे त्या मनोऱ्याचे राजे. खरं आडनाव आता त्यांच्या बायकोलाच आठवत असेल. कारखान्यात कस्टर्ड होतं तेव्हापासूनचा माणूस, आणि आपल्या यंत्राला कुणी हात लावला की यांच्याच अंगाला हात लावल्यासारखं व्हायचं.

मावशी सरळ मनोऱ्याच्या पायथ्याशी गेली आणि फडकं सोडायला लागली.

"अहो मावशी, अहो, ते राहू द्या!"

फडक्याखाली पिवळाधमक व्हॉल्व्ह चमकत होता. पितळी.

"काका, इथून तेल वर चढतं. इथे स्टीलचा व्हॉल्व्ह हवा."

काकांचा चेहरा पडला. "स्टीलचा तडकला हो. नवा यायला वेळ लागणार. मालकीणबाईंना सांगितलं असतं तर आकाशपाताळ एक केलं असतं. म्हणून जुन्या यंत्राचा काढून बसवला. काम तर चाललंय ना?"

मावशी व्हॉल्व्हकडे वाकली. पितळ म्हणजे अर्ध्याहून अधिक तांबं, आणि तांब्याचा नुसता स्पर्श झाला तरी असलं तेल खवट व्हायची घाई करतं. प्रयोगशाळेत तिने हे कितीदा पाहिलं होतं. गुन्हेगार सापडला म्हणायचा, आणि तोही इतका भाबडा, की बोट दाखवायलाही जीव होईना.

एवढ्यात दार पायाने ढकलून धाकटा आत आला. ताईंचा धाकटा मुलगा. खरेदी आणि डबे भरणं हे त्याचं खातं. छातीशी झाकणांचं भलंमोठं खोकं धरलं होतं. त्याने ते खाली टेकवलं, तसं ते खुळखुळलं.

"मावशी, तू इथे? आई तापलीय ना?" त्याने कपाळाचा घाम पुसला. "मला खरंच कळत नाही गं, असं कसं झालं. भरताना इतकी काळजी घेतली होती या वेळी."

"या वेळी?" मावशीने विचारलं.

"म्हणजे, नेहमीच घेतो." तो घाईघाईने म्हणाला आणि बाहेर सटकला.

काकांना मात्र आपल्या व्हॉल्व्हचीच पडली होती. "मावशी, एक सांगू का? पितळाचा दोष असेल तर मॅडमचे डबेही खवटच निघतील. याच बॅचचा माल त्यांनी वर नेला होता. स्वतःच्या हाताने डबे भरले आणि गरम कपाटात ठेवले."

"आणि ते डबे उघडले कुणी?"

"कुणीच नाही. मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"हुकूम गेला खड्ड्यात," मावशी म्हणाली आणि जिन्याकडे धावली.

४

गरम कपाट म्हणजे भुकटीला मुद्दाम उबेत ठेवून लवकर म्हातारी करायची जागा. गोदामातल्यापेक्षा इथली भुकटी कितीतरी जास्त नासायला हवी होती. ताई, सूनबाई, धापा टाकणारे काका, सगळे टेबलाभोवती जमले. मावशीने झाकण काढलं, नाक डब्यात घातलं आणि डोळे मिटले.

काकांनी मान पुढे काढली.

"दूध पावडरीचा वास," मावशी म्हणाली. "बाकी काही नाही. स्वच्छ!"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पण ताईंचा आवाज चढला. "वा गं वा! प्रयोगशाळेतला माल चांगला आणि माझ्या गोदामातला नासका! म्हणजे दाखवायचा माल निराळा आणि विकायचा निराळा, असंच ना?"

"आई! मी असं करेन?"

"मग दुसरं काय समजू मी?"

सूनबाईने पिशवी उचलली. "काही समजू नका. माझ्या जुन्या संस्थेत मला अजून बोलावतात. संध्याकाळच्या गाडीने जाते मी."

"खाली ठेव ती पिशवी!" मावशी ओरडली. ती सहसा ओरडत नसे, त्यामुळे ताईसुद्धा दचकल्या. "दोघींनाही रागावायला फार आवडतं. जरा विचार करायलाही आवडू दे. हा डबा आणि गोदामातले डबे एकाच बॅचचे. तेल तेच, कवच तेच. काकांचा व्हॉल्व्हही तोच."

"कुठला व्हॉल्व्ह?" ताईंनी विचारलं. काकांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"ते मागाहून. तो बदलायचाच आहे, पण आजचा चोर तो नव्हे. कवच कच्चं असतं तर या उबेत हा डबा सगळ्यात आधी नासला असता. तो तर खणखणीत आहे. म्हणजे सूनबाई, तुझं कवच निर्दोष सुटलं. मनोऱ्यातून भुकटी चांगलीच बाहेर पडली. जे काही झालं ते डब्यात भरताना झालं किंवा भरल्यावर."

तिने त्या चांगल्या डब्यातली पुडी काढून दाबून पाहिली. पुडी दगडासारखी घट्ट झाली होती. डब्यातली भुकटीही थोडी चिकटून बसली होती, पण बोट लावताच सुटत होती.

"डबे भरतो कोण?" मावशीने विचारलं. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

काका खिडकीपाशीच उभे होते. "धाकटे मालक तर निघाले," ते म्हणाले. "हे बघा, स्कूटर फाटकाबाहेर गेली."

५

ताईंनी त्याला फोन लावला. उचलत नव्हता. ताई मटकन खुर्चीत बसल्या. मघाशी सुनेवर कडाडणारी बाई ती हीच का, असं वाटावं इतकी लहान दिसायला लागली.

मावशी चहाच्या ओट्याशी गेली. डोकं चालेना की चहा, हे तिचं औषध. पाणी उकळायला लागलं. तिने पिशवीतून ती मऊ पुडी काढली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तळहातावर धरली. एक मऊ, एक दगड. दोन्ही पुड्या एकाच पाकिटातल्या. असं का व्हावं?

पाण्याला आधण आलं तरी तिचं लक्ष नव्हतं. तळहाताला काहीतरी जाणवायला लागलं. फडकं गार पाण्याचं होतं, आणि आतली पुडी मात्र कोमट झाली होती! बघता बघता चांगली ऊब लागली.

"अगं बाई," मावशी पुटपुटली. "तू तर आत्ता कुठे जेवायला बसलीस!"

इतके दिवस डब्यात पडून होती, तरी पुडीने कामच केलं नव्हतं. लोखंड गंजलं नव्हतं. आत्ता ओल मिळाली तशी ती जागी झाली. मग डब्यात ही झोपली का? लोखंड गंजत नाही ते कधी?

विचार करताना मावशीच्या हाताला चाळा लागायचा. तिने ओट्यावर पडलेलं खवट डब्याचं झाकण उचललं आणि बोटांवर नाचवलं. झाकण खुळखुळलं.

एकटं झाकण, आणि खुळखुळतं?

तिने ते उलटं केलं. आतल्या बाजूला पांढरी चकती होती, बारीक भोकांची. चांगल्या डब्याच्या झाकणाला असली चकती नव्हती, हे तिला आत्ता आठवलं. सगळ्यांनी डब्यात डोकावून पाहिलं होतं, भुकटी चिवडली होती, आणि झाकण मात्र हातात धरून बाजूला ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशीने चमच्याच्या दांड्याने चकती उचकटली आणि ओट्यावर टपटप दाणे सांडले. ते बघून ती एकटीच मोठ्याने हसली.

त्याच वेळी फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

६

धाकटा घामाघूम होऊन आत आला. हातात दोन डबे.

"कोपऱ्यावरच्या पाळणाघरात आईने वापरून बघायला दिले होते," तो म्हणाला. "म्हटलं, एखाद्या पोराने प्यायच्या आत उचलून आणावेत. अजून उघडले नव्हते, नशीब!" मग सगळ्यांचे चेहरे बघून तो थबकला. "काय झालं?"

"बस," मावशी म्हणाली. तिने ते दाणे बशीत घालून टेबलावर ठेवले. काचेच्या मण्यांसारखे, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते त्यातले असावेत तसे. "ही झाकणं तू आणलीस?"

धाकट्याचा चेहरा क्षणभर उजळला. "हो. ओल शोषणारी आहेत! वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, ओल लागली की भुकटीचे गोळे होतात, कवच मऊ पडतं. म्हणून शोधून शोधून आणली. त्यामुळेच तर म्हणतो, या वेळी ओलीचा प्रश्नच नाही."

"नाही ना, तोच तर प्रश्न आहे," मावशी म्हणाली. "पुडीत काय असतं, ठाऊक आहे?"

"नाही."

"लोखंडाचा चुरा. तो गंजतो तेव्हा डब्यातला ऑक्सिजन खातो. आता सांग, ठणठणीत कोरड्या जागी लोखंड गंजतं का?"

धाकट्याने बशीतला एक दाणा उचलून बोटांत फिरवला.

"पुडीत त्यासाठी जेमतेम ओल असते. तुझ्या झाकणाने तीही शोषून घेतली. पुडीच्या तोंडचं पाणीच पळवलं म्हण ना! राखणीला दोघे ठेवले आणि एकाने दुसऱ्याला उपाशी मारलं. मग हवेला रान मोकळं. म्हणून गोदामातली भुकटी वाळूसारखी कोरडी आणि तरी खवट. प्रयोगशाळेत सूनबाईकडे जुनीच झाकणं होती. तिथली पुडी पोटभर गंजून दगड झाली आणि भुकटी वाचली. अति तिथे माती, ती ही अशी."

सूनबाई बशीतल्या दाण्यांकडे बघत राहिली. "भाऊजी, मला विचारलं का नाही हो?"

"विचारलं होतं की! पुडी कशासाठी, म्हणून मागे विचारलं, तर म्हणालात, 'भाऊजी, टाका म्हणजे झालं, बाकी तुमचं काम नाही.'" त्याने मान खाली घातली. "म्हटलं, चांगला परिणाम दिसला की मग सांगू. जरा शाबासकी मिळेल. मला कौतुक हवं होतं, वहिनी. दुसरं काही नाही."

सूनबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. "माझं कवच कच्चं नव्हतं," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाली. मग डोळे पुसून धाकट्याकडे वळली. "आणि तुमचीही नियत कच्ची नव्हती. मीच तोंडाला कुलूप लावून बसले होते."

बाहेर गाडीचं दार वाजलं. आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या.

"ते नासके डबे आत टाक," ताई कुजबुजल्या. सूनबाईने ऐकलं, पण टाकले नाहीत. तिने चांगला आणि खवट, दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले आणि जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. झाकण, पुडी, इतकंच काय, पितळी व्हॉल्व्हसुद्धा. काकांनी पुन्हा खिडकी गाठली.

त्या बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी आधी चांगला डबा हुंगला, मग खवट. नाक मुरडलं.

"स्टीलचा व्हॉल्व्ह बसवा, जुनी झाकणं लावा आणि नवी बॅच पाठवा. आधी एकाच वॉर्डात सुरू करू. मुलं प्यायली तर पुढे बोलू," त्या म्हणाल्या. "आणि हो, हा खराब डबाही मला द्या. आमच्या नर्सना हा वास ओळखता यायला हवा. चांगल्याचा नमुना सगळेच देतात, वाइटाचा कुणी देत नाही."

आहारतज्ज्ञ बाई गेल्या. धाकट्याने घसा खाकरला. "आई, गोदामात त्या झाकणांची खोकी पडलीत. त्यांचं काय करू?"

ताईंनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. सूनबाईची पिशवी अजून टेबलावरच होती. ताईंनी ती उचलली, आतली पुस्तकं एकेक करून बाहेर काढली आणि पुन्हा कपाटात लावली. उलटसुलट लावली, पण लावली.

"मला काय विचारतोस?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "या विभागाची मालकीण ती आहे. तिला विचार."

सूनबाई सासूकडे बघत राहिली. मग तिने स्टूल पुढे ओढलं. "भाऊजी, बसा. पुडीपासून सुरुवात करू. काका, खिडकी सोडा आणि तुम्हीही या. आज सगळं सांगते, काहीही राखून ठेवत नाही."

दोघे बसले. ताई कपाटापाशी थोड्या घोटाळल्या, मग त्यांनीही एक खुर्ची सरकवत आणली आणि सुनेला अगदी लागून बसल्या.

"जरा सावकाश सांग हो," त्या म्हणाल्या. "मलाही कळू दे."